ड्रोनचा कायदा आणि जीपचं डिझेल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सिंदफणेचं पाणी अजून शिवारातून उतरलेलं नाही, सोयाबीन पाण्यात कुजतंय आणि हा गडी ड्रोनच्या कायद्यावर लिहीत बसलाय, असं काहींना वाटेल. वाटू द्या. परवा पाण्याच्या कडेला उभं राहून जे बघितलं, त्यामुळेच लिहितोय.

परवा नदीकाठच्या एका गावात गेलो होतो. पुलापलीकडची शेतं तुटलेली, माणूस जाऊ शकत नाही. जिथे पोचता येत नाही तिथले पंचनामे ड्रोनने केले तरी चालतील, असं सरकारने सांगितलंय. चांगलंच आहे. पण तलाठ्याकडे ड्रोन कुठून येणार? मग त्याने केलं काय, तर आपल्या गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला फोन लावला. गडी आला, बॅग उघडली, ड्रोन उडवला. पाऊस भुरभुरत होता म्हणून बीटचे हवालदार त्याच्या रिमोटवर छत्री धरून उभे. पंधरा मिनिटांत दीडेकशे एकर शिवार मोबाइलच्या स्क्रीनवर. म्हातारे शेतकरी वाकून वाकून आपलं आपलं वावर ओळखत होते.

आता गंमत ऐका. हाच तो ड्रोन. मागच्या वर्षी हाच ड्रोन पाच महिने पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून होता. आणि तो तिथे पोचला त्याला थोडाफार मी पण जबाबदार आहे. ते पुढे सांगतो.

आधी हे सांगतो की आत्ताच का. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने १६ सप्टेंबर २०२५ ला नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. हरकती आणि सूचनांसाठी मुदत होती ३० सप्टेंबर २०२५.  अख्खा मराठवाडा पुरात असताना कोण वाचणार मसुदा? मी पण वाचला नसता. पण आमचा फोटोग्राफर मित्र तलाठ्याचं काम आटोपून चहाला बसला आणि म्हणाला, "दादा, नवा कायदा येतोय म्हणं. यात तर जेल हाये."

आहे खरंच. आज २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. त्यात नियम मोडला तर जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड. मसुद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. ड्रोन जप्त करण्याचे अधिकार आहेत. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक, प्रकार प्रमाणपत्र आणि विमा लागणार. लष्कराचे ड्रोन यातून बाहेर. बाकी सगळे, पाचशे किलोपर्यंतचे, आत.

सरकार हे का करतंय, याला कारण आहे. मी उगाच "सरकारला लोकांना छळायचंय" छाप पोस्ट लिहिणार नाही. २७ जून २०२१ च्या रात्री जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली. आपल्याकडची ही अशी पहिलीच घटना. पंजाबच्या सीमेवर २०२४ या एका वर्षात बीएसएफने २९० च्या वर ड्रोन पकडले, त्यातल्या बऱ्याच ड्रोनला हेरॉइन नाहीतर पिस्तुलं बांधलेली. आणि मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडले, ते तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. ते ड्रोन आपली रडार आणि हवाई संरक्षणाची यंत्रणा कुठे आहे ते हुडकायला पाठवले होते, असं आपल्या अधिकाऱ्यांनीच पत्रकार परिषदेत सांगितलं. ही हेरगिरीच.

तेव्हा धोका खोटा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. परक्या देशाच्या हेराला धरण्यासाठी कायदा होतो, पण त्याचा खर्च कागदावर कुठेच दिसत नाही. कागदावर शून्य. प्रत्यक्षात तो खर्च कुणीतरी भरतो. कोण, ते मी मागच्या वर्षी जवळून बघितलंय.

जुलै २०२४ आठवतोय ना? आपल्या बीड-जालन्यात, संभाजीनगरला, नगर जिल्ह्यात, तिकडे पुणे ग्रामीणमध्ये, रात्री आभाळात ड्रोन दिसायला लागले. कुणी म्हणे चोर आहेत, घरं हेरतात. कुणी म्हणे सरकारचे आहेत. अंतरवाली सराटीवर टेहळणी चाललीय असा आरोप झाला, विधानसभेत विषय निघाला. गावोगाव लोक रात्रभर जागे. पोरं काठ्या, गोफणी घेऊन गच्चीवर. बायका अंगणात बसलेल्या. ग्रामसुरक्षा दलाचे व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री दीड-दोनला पेटायचे: "आला आला, शाळेच्या वर हाये."

त्याच महिन्याच्या एक तारखेपासून देशात तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले होते. म्हणजे ठाण्यातले लोक दिवसा भारतीय न्याय संहितेची नवी कलमं पाठ करत होते आणि रात्री मान वर करून फिरत होते. आमच्या ठाण्याच्या हद्दीत साठाच्या वर गावं. रात्रगस्तीला दोन गाड्या, त्यातली एक ढकलस्टार्ट. एका रात्री मी त्यांच्यासोबत होतो. तीन गावांतून एकाच वेळी फोन. एका गावातून दुसऱ्या गावात पोचेपर्यंत "ड्रोन" तिसऱ्या गावावर गेलेला. पहाटे चारला जीप एका पेट्रोल पंपावर थांबली. हवालदार उतरले, खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि डिझेल भरलं. मी विचारलं, "मामा, हे काय?" ते म्हणाले, "पंपाची मागची उधारी थकलीय. आणि आज परत गेलो तर उद्या तुम्हीच छापनार, पोलीस आलेच नाय म्हनून."

लागलं मला ते. कारण खरं होतं.

आता माझा भाग. त्या आठवड्यात मी बातमी दिली होती, "तालुक्यात ड्रोनची दहशत". सोबत एका वाचकाने पाठवलेला व्हिडिओ टाकला. काळं आभाळ, त्यात एक लुकलुकणारा ठिपका. बातमी तुफान चालली. माझ्या पेजचे त्या महिन्यातले सगळ्यात जास्त व्ह्यूज त्या ठिपक्याला. महिनाभराने शांत डोक्याने तो व्हिडिओ परत बघितला. ठिपका सरळ रेषेत, एका वेगाने जातोय. दिवे एका लयीत लागतात-विझतात. ते विमान होतं हो. आपल्या डोक्यावरून रोज रात्री विमानं जातात. आपण वर बघत नाही एवढंच. सगळेच ड्रोन खोटे होते असं मी म्हणत नाही. मी टाकलेला नक्की खोटा होता.

बातमी टाकल्यानंतर तिसऱ्या रात्री आमचा फोटोग्राफर एका हळदीचं शूट करून मोटरसायकलवर परत येत होता. रस्त्यात एका वस्तीवर पोरांनी अडवलं. बॅगेत ड्रोन सापडला. मग काय झालं असेल ते सांगायला नको. दोन-चार फटके बसले. एका शहाण्या माणसाने पोलिसांना फोन केला म्हणून पुढचं टळलं. पोलिसांनी त्याला वाचवण्यासाठीच ठाण्यात नेलं, हेही खरंय. पण ड्रोन ठेवून घेतला. "चौकशी होऊ दे, मग घेऊन जा."

चौकशी पाच महिने चालली. गुन्हा दाखल झाला नाही, कारण दाखल करायला काही नव्हतं. पण सोडायचा तर सही कोण करणार? वर विषय गाजतोय. विधानसभेत गेलाय. शेवटी डिसेंबरात ताबा पावतीवर ड्रोन परत मिळाला. बॅटऱ्या फुगलेल्या. तीन बॅटऱ्यांचे पैसे गेले, दिवाळीनंतरच्या लग्नसराईतली अकरा कामं गेली. प्रत्येक कामाला भाड्याने ड्रोनवाला आणायचा म्हणजे नफा त्याच्याच खिशात. त्याने मला कधी काही म्हटलं नाही. "तुमच्या बातमीमुळं झालं" असं एकदा जरी म्हणाला असता तरी बरं वाटलं असतं.

बरं, तो अगदी सुताने बांधलेला आहे असंही नाही. त्याचा ड्रोन चिनी. २०२३ मध्ये मुंबईतून घेतलेला, पक्कं बिल नाही. आता यातली मेख समजून घ्या. ९ फेब्रुवारी २०२२ ला सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी तेवढी सूट. सुटे भाग आणायला मोकळीक, म्हणजे इथे जोडणी व्हावी, उद्योग उभा राहावा. हेतू चांगला. पण लग्नाच्या शूटिंगला चालेल, बॅगेत मावेल आणि फोटोग्राफरला परवडेल असा देशी ड्रोन आमच्या मित्राने खूप शोधला, मिळाला नाही. मग सगळे फोटोग्राफर जिथे गेले तिथे तो गेला. असा ड्रोन नोंदवता येत नाही, कारण प्रकार प्रमाणपत्र नाही. जुन्यांना सवलत होती, पण ती ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनला. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे नोंदवायचं ठरवलं तरी पोर्टल त्याला दारात उभं करत नाही. आणि नव्या मसुद्याप्रमाणे अशा ड्रोनसाठी तुरुंग. परवा ज्या ड्रोनने तलाठ्याचा पंचनामा झाला, तो हाच. छत्री धरणारे हवालदार उद्या त्याच कलमाखाली त्याला आत घेऊ शकतात. चहाच्या टपरीवर हे बोलणं चाललं होतं तेव्हा हवालदार मामा शेजारीच भजी खात होते. हसले नाहीत, काही बोललेही नाहीत.

मग मी जरा खोलात गेलो. जगात बाकीचे काय करतात ते बघितलं. आणि अमेरिकेचा एक किस्सा असा सापडला की वाटलं हा आपल्याच तालुक्यातला.

जानेवारी २०२४. व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज नावाचं शहर आहे. तिथे अमेरिकेच्या विमानवाहू युद्धनौका आणि अणुपाणबुड्या बांधतात. एक चिनी विद्यार्थी भाड्याची गाडी घेऊन तिथे गेला, ड्रोन उडवला आणि ड्रोन अडकला झाडात. शेजारच्या माणसाला संशय आला, पोलीस आले. पोलिसांनी काय केलं? ड्रोन काढायचा तर अग्निशमन दलाला फोन कर म्हणून नंबर दिला. गडी ड्रोन तिथेच टाकून निघून गेला. नंतर ड्रोन तपास यंत्रणेच्या हाती लागला, त्यात गोदीतल्या जहाजांचे फोटो-व्हिडिओ निघाले. तो देश सोडायच्या बेतात असताना पकडला गेला. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

सहाच महिने का? कारण त्याच्यावर लावलेलं कलम होतं लष्करी ठिकाणांचे विनापरवाना फोटो काढण्याचं. किरकोळ गुन्हा, जास्तीत जास्त वर्षभर कैद. तो कुणाचा हेर होता असं सरकारने सिद्ध केलं नाही, तसा आरोपही ठेवला नाही. त्यांचा मुख्य हेरगिरीचा कायदा १९१७ चा. त्यात नकाशा, आराखडा, फोटो, फोटोची निगेटिव्ह, सगळ्याची यादी आहे. व्हिडिओ हा शब्द नाही! १९१७ मध्ये कुठला व्हिडिओ? म्हणून त्या भागातल्या खासदार बाईंनी, जेन किगन्स त्यांचं नाव, विधेयक आणलं की यादीत व्हिडिओ घाला.

हे वाचून मी आपला शासकीय गुपितं कायदा काढला. १९२३ चा, इंग्रजांचा. त्यात "स्केच" या शब्दाची व्याख्या अशी केलीय की त्यात फोटो येतो आणि एखादी जागा किंवा वस्तू दाखवण्याची "इतर कोणतीही पद्धत"सुद्धा येते. म्हणजे ड्रोनचा व्हिडिओ आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच बसवून ठेवलाय. संरक्षणाच्या ठिकाणाची हेरगिरी केली तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इंग्रज लोक हुशारच, विशेषतः दुसऱ्याला आत टाकायचं असेल तेव्हा. मुद्दा असा, की खऱ्या हेराला शिक्षा करायला आपल्याकडे कलमांची टंचाई नाही. टंचाई आहे ती तो हेर आहे की हळदीचं शूट करून येणारा पोरगा आहे, हे रात्री अकरा वाजता ओळखण्याची.

आणि ही टंचाई फक्त आपलीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्याच लँगली हवाई तळावर सतरा रात्री अनोळखी ड्रोन फिरले. जगातलं सगळ्यात महागडं लष्कर, त्यांना ते ड्रोन कुणाचे हे सांगता आलं नाही. त्यांची एफ-२२ विमानं दुसऱ्या तळावर हलवावी लागली. मग २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात न्यूजर्सी राज्यात अगदी आपल्यासारखं झालं. लोक रात्रभर अंगणात, आभाळाकडे बोट, फेसबुकवर व्हिडिओ. एफबीआयकडे पाच हजारांच्या वर तक्रारी गेल्या, त्यातल्या जेमतेम शंभरात पुढे तपासण्यासारखं काही होतं. बाकी विमानं, हेलिकॉप्टर, आणि काही ठिकाणी चक्क तारे. माझ्या ठिपक्याची आठवण झाली. जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती ड्रोनची नाही, हिशोबाची आहे.

त्यांच्या संसदेचं एक खातं आहे, काँग्रेसचं बजेट कार्यालय. १९७४ पासून चालतं. कुठल्या पक्षाचं नाही. समितीतून विधेयक पुढे सरकलं की हे लोक खर्चाचा अंदाज काढतात. नवा फौजदारी गुन्हा तयार होत असेल तर त्यांचा हिशोब ठरलेला: खटले किती वाढतील, तुरुंगाचा खर्च किती, दंड किती जमा होईल. बऱ्याचदा उत्तर येतं, परिणाम नगण्य. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण १९९५ मध्ये त्यांनी आणखी एक कायदा केला. त्यानुसार या कार्यालयाला हेही सांगावं लागतं की या विधेयकामुळे राज्यांवर, शहरांवर, गावांवर आणि खाजगी लोकांवर काही सक्तीचा बोजा पडतोय का, आणि तो ठरलेल्या रकमेच्या वर जातोय का. म्हणजे वॉशिंग्टनने कायदा करायचा आणि बिल गावाने भरायचं असेल, तर निदान ते मतदानाआधी लिहिलेलं असतं.

आणि बिल येतंच. २०२३ च्या शेवटी त्यांनी अमेरिकन सिक्युरिटी ड्रोन कायदा केला. केंद्राच्या खात्यांनी चिनी ड्रोन घ्यायचे नाहीत, आणि डिसेंबर २०२५ पासून केंद्राच्या अनुदानातूनसुद्धा कुणी घ्यायचे नाहीत. चीनमध्ये २०१७ पासून असा कायदा आहे की तिथल्या कंपन्यांनी गुप्तचर कामात सरकारला मदत करावी, त्यामुळे ही भीती हवेतली नाही. डीजेआय कंपनी म्हणते आम्ही माहिती देत नाही. ते एक असो. फ्लोरिडा राज्याने तर केंद्राच्या आधीच, एप्रिल २०२३ मध्ये, आपल्या पोलिसांचे आणि अग्निशमन दलांचे चिनी ड्रोन बंद करून टाकले. चालू ड्रोन कपाटात. मग ओरड झाली, आणि नवे घ्यायला राज्याने अडीच कोटी डॉलरचा निधी काढला. आपल्या पैशात तेव्हाचे दोनशे कोटी. एका राज्याचे. पण लक्षात घ्या, बंदी घातली तर बदलीचे पैसेही, पुरले न पुरले, वेगळे काढले आणि ते आकड्यात दिसले.

आपल्याकडेही आकडे आहेत, पण भलतीकडे. देशी ड्रोन उद्योगाला प्रोत्साहन म्हणून तीन वर्षांसाठी १२० कोटी. नमो ड्रोन दीदी योजनेला १,२६१ कोटी, बचत गटांच्या महिलांना फवारणीचे ड्रोन द्यायला. चांगल्या योजना आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० ड्रोनच्या खरेदीचा २३० कोटींचा करार रद्द केला, कारण देशी म्हणून घेतलेल्या ड्रोनमध्ये चिनी भाग निघाले. म्हणजे लष्करालासुद्धा देशी काय आणि चिनी काय हे उघडून बघावं लागलं. आणि आमच्या बीट हवालदाराने ते टॉर्चच्या उजेडात ओळखायचं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे विधेयकासोबत खर्चाचा कागद नसतो का? असतो. लोकसभेच्या कामकाजाचा नियम ६९ आहे. ज्या विधेयकात खर्च आहे, त्याला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. पण त्यात हिशोब येतो तो केंद्राच्या तिजोरीतून काय जाणार याचा. आणि पोलीस हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय. कळलं का? दिल्लीने गुन्हा तयार करायचा, तो दखलपात्र करायचा, म्हणजे तक्रार आली की ठाण्याला धावावंच लागणार. धावणारी जीप राज्याची, डिझेल राज्याचं, मुद्देमाल खोलीतलं कपाट राज्याचं. दिल्लीच्या कागदावर शून्य आलं तर ते खोटं नसतं. तो खर्च तिथला नसतोच.

राज्य तरी वेगळा पैसा देतं का? मी ठाण्यात विचारलं. ड्रोन ओळखायचं यंत्र आहे का? हसले. ड्रोनचं प्रशिक्षण? "एकदा जिल्ह्याला बोलावलं होतं, पीपीटी दाखवली." जप्त ड्रोन ठेवायची सोय? बॅटरी कशी ठेवायची, तिचा भडका उडू शकतो, हे कुणाला माहीत? मुद्देमाल कारकुनाने आमच्या मित्राचा ड्रोन गावठी दारूच्या कॅनशेजारी ठेवला होता. पाच महिने. पेटलं नाही, नशीब.

आणि नुसतं पोलिसांचंच नाही. मागच्या जुलैत गावोगाव ग्रामपंचायतींनी बॅटऱ्या घेतल्या, भोंगे घेतले, रात्रपाळीला पोरांना चहा-बिस्किटं दिली. एका सरपंचांनी मला वही दाखवली होती. "ड्रोन खर्च" असा वेगळा मथळा. एकवीस हजार चारशे. कुठल्या शीर्षाखाली टाकू, असं ते मलाच विचारत होते. मी काय सांगणार? शेतावर दोन-दोन आठवडे रात्रीचं दारं धरायला कुणी गेलं नाही, त्याचा तर हिशोबच नाही.

काल रात्री मी मंत्रालयाला मेल पाठवला. मी काही वकील नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची बातमीदारी एवढंच भांडवल. तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली, हा गुन्हा दखलपात्र ठेवायचा असेल तर तो लष्करी ठिकाणं, सीमा, लाल क्षेत्र एवढ्यापुरता ठेवा. नोंदणी राहिली म्हणून कुणाला वॉरंटशिवाय उचलायला नको, तिथे दंड पुरे. दुसरी, ज्यांच्याकडे आज बिनानोंदणीचे छोटे ड्रोन आहेत त्यांना एकदा नोंदवायची संधी द्या, सहा महिने द्या. नोंद झाली की निदान कुणाचा कुठला हे ठाण्याला कळेल, आणि ज्याची नोंद नाही तो शोधायला सोपा जाईल. उरलेले लपून बसले तर हेराला गर्दीच मिळते ना लपायला. तिसरी, विधेयक संसदेत आणताना राज्यांच्या पोलिसांवर किती खर्च पडेल ते लिहा, आणि तो कोण देणार तेही लिहा.

हवालदार मामांना मी हे वाचून दाखवलं. तिसऱ्या मुद्द्यावर ते म्हणाले, "डिझेलचं घाला त्यात." मी म्हटलं घातलंय. "हजार रुपयं घाला. आकडा घातला की वाचत्यात." मग मी एक ओळ वाढवली: जुलै २०२४, एक रात्र, एक जीप, रुपये एक हजार, अदा करणार पोलीस हवालदार, परतावा नाही.

फोटोग्राफर मित्राला मेलखाली त्याचं नाव टाकू का विचारलं. नको म्हणाला. उद्या सकाळी तलाठ्याने त्याला परत बोलावलंय, खालच्या अंगाच्या दोन गावांचे पंचनामे बाकी आहेत. बॅटऱ्या चार्जिंगला लावून तो झोपलाय.

 

आणि तो मागच्या वर्षीचा व्हिडिओ मी पेजवरून आज काढून टाकलाय.

(ज्या गावांनी तेव्हा "ड्रोन खर्च" केला, त्यांनी कमेंटमध्ये आकडा टाका. गावाचं नाव नाही टाकलं तरी चालेल.)